पायदळाच्या मुलखातून वैमानिकांविषयी

८ ऑक्टोबर हा भारतीय हवाई दलाचा स्थापना दिन. १९३२ साली याच दिवशी या दलाची स्थापना झाली. त्यानिमित्ताने, युद्धकाळातील लढाऊ वैमानिकांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आणि थेट भालकीहूनही पत्रे आली. अनेक पत्रांत तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आल्यामुळे ती एकत्र करून येथे घेतली आहेत. मी स्वतः वैमानिक नव्हतो. शस्त्रास्त्र विभागातला एअरमन म्हणून विमानाच्या पंखाखाली माझी नोकरी झाली. त्यामुळे उत्तरांत त्या बाजूचा कल दिसला, तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावच्या स्मारकावर जी नावे आहेत, ती सगळी पायदळातल्या जवानांची आहेत. लढाई शेवटी जमिनीवर जिंकली जाते, वैमानिक वरून येतो आणि निघून जातो, असे आमच्या कट्ट्यावर बोलले जाते. यात कितपत तथ्य आहे?
— एक निवृत्त हवालदार, खानापूर तालुका

उत्तर : लढाई जमिनीवर जिंकली जाते, हे आपले म्हणणे मान्यच आहे. मात्र जमिनीवरच्या माणसाला ती जिंकता यावी म्हणून वर काय घडावे लागते, हेही पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी मी आपल्याच रेजिमेंटचे उदाहरण घेतो. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपारनंतर पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ आपली दुसरी पॅरा बटालियन छत्र्यांनी उतरली. ही बटालियन मूळची मराठा पलटण, हे आपणांस ठाऊक असेलच. लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन, उत्तरेकडून ढाक्याच्या दिशेने माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवणे, हे तिचे काम होते. आणि जमालपूर घेऊन खाली येणारी पहिली मराठा, म्हणजेच आपली जंगी पलटण, तिला तेथे येऊन मिळाली. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्याच्या वेशीवर सर्वांत आधी पोहोचली ती हीच दुसरी पॅरा. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये हा इतिहास प्रत्येक रिक्रूटला सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे.

त्या कथेत सहसा न येणारा भाग असा. छत्रीधारी जवानांना घेऊन जाणारी विमाने संथ असतात, माणसांनी भरलेली असतात आणि उडी टाकायच्या वेळी त्यांना सरळ रेषेत, कमी उंचीवरून, एकाच वेगाने जावे लागते. शत्रूच्या लढाऊ विमानांना याहून सोपे सावज मिळणार नाही. ढाक्याच्या तेजगाव तळावर पाकिस्तानची सेबर जातीची लढाऊ विमाने होती. त्यांतली चारच त्या दिवशी उडू शकली असती, तरी टांगाईलची हकिकत आज वेगळ्या शब्दांत सांगावी लागली असती. ती उडू शकली नाहीत, कारण ४ डिसेंबरपासून आपल्या हंटर आणि मिग-२१ विमानांनी तेजगाव आणि कुर्मीटोला या तळांवर हल्ले चालू ठेवले होते. पहिल्याच दिवशी आपलीही विमाने पडली आणि वैमानिक कामी आले. ६ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी तेजगावच्या धावपट्टीला मोठमोठी भगदाडे पाडली आणि त्यानंतर तेथून सेबर उडालीच नाहीत. विमाने शाबूत होती, पण धावायला जमीन उरली नव्हती. धावपट्टी फोडणाऱ्या वैमानिकाच्या खात्यावर पाडलेल्या विमानांचा आकडा चढत नाही, त्याचे चित्र कॅलेंडरवर येत नाही. तरीही टांगाईलला उतरलेल्या प्रत्येक जवानाच्या डोक्यावरचे आकाश त्याने मोकळे केलेले होते. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटचा मारा झाला, तेव्हा विंग कमांडर बिश्नोई यांना लक्ष्य शोधण्यासाठी पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा वापरावा लागला होता. त्या हल्ल्यानंतर तेथील गव्हर्नरांनी राजीनामा दिला.

आपल्या कट्ट्यावरचे मत मात्र अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे जम्मूच्या सरहद्दीवरील छांबमध्ये घुसले, तेव्हा दिवस कलता असताना पठाणकोटहून व्हँपायर विमाने पाठवावी लागली. ही विमाने तेव्हाच जुनाट झालेली होती. चार व्हँपायर पडली. भागवागर, जोशी आणि भारद्वाज हे तीन वैमानिक ठार झाले. आणि धुळीत, कमी उजेडात आपल्या विमानांचे काही हल्ले आपल्याच सैन्यावर पडले. जमिनीवरच्या जवानाच्या मनात हवाई दलाविषयी जी अढी असते, तिचे मूळ अशा प्रसंगांत आहे. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण त्याच कट्ट्यावर राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवालाची लढाईही सांगावी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या २३ पंजाबच्या एका कंपनीने रणगाड्यांसमोर ठाणे धरून ठेवले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करण्याची सोय नव्हती, त्यामुळे उजाडेपर्यंतची वेळ पायदळाने काढली आणि उजाडल्यानंतर उघड्या वाळवंटातल्या रणगाड्यांचा समाचार वैमानिकांनी घेतला. यात मोठा कोण, हा वाद घालणाऱ्यांनी ती रात्र आणि ती सकाळ एकमेकींपासून वेगळी करून दाखवावी.

प्रश्न : आमची शेती सांबऱ्याच्या विमानतळालगत आहे. हा तळ इंग्रजांच्या काळातला असे वडील सांगत. प्रत्यक्ष युद्धात त्याचा कधी उपयोग झाला होता का?
— एक शेतकरी, मुतगा परिसर, तालुका बेळगाव

उत्तर : वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने सांबऱ्याचा तळ बांधला. तेथे प्रशिक्षण चाले आणि आग्नेय आशियातील आघाडीला पाठबळ दिले जाई. त्या आघाडीवर, म्हणजे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, भारतीय वैमानिक हरिकेन विमाने घेऊन लढत होते. पुढे हवाई दलाचे मार्शल झालेले अर्जनसिंग यांनी १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीचे, नेतृत्व केले आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर सांबऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष मोहीम आली ती डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी. एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे या मोहिमेच्या हवाई बाजूची सूत्रे होती आणि त्यांनी पुणे व सांबरा हे दोन तळ हाताशी ठेवले होते. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र रॉकेट व तोफांच्या माऱ्याने बंद पाडले. दाबोळीची इमारत आणि इतर सोयी शाबूत ठेवाव्यात अशी वैमानिकांना ताकीद होती, कारण दोन दिवसांनी ते विमानतळ आपलेच होणार होते. पोर्तुगीजांकडे गोव्यात लढाऊ विमान नव्हते. त्यामुळे हवेत झुंज होण्याचा प्रश्नच आला नाही. मात्र त्याच रात्री त्या फुटक्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने काळोखात उडवून कराचीला नेण्यात आली. शत्रूची असली, तरी त्या वैमानिकांच्या कसबाला दाद दिली पाहिजे. आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना १९६१ चा डिसेंबर आठवतो तो चोर्ला आणि अनमोड घाटांकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांमुळे, कारण सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावातच झाली होती. विमाने डोक्यावरून गेली, गाड्या दारावरून गेल्या. त्यामुळे लक्षात गाड्याच राहिल्या.

आज सांबऱ्यात एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे आणि देशभरातून भरती झालेल्या एअरमन व अग्निवीरवायूंचे प्राथमिक प्रशिक्षण तेथे होते. तेथून कोणी वैमानिक होऊन बाहेर पडत नाही. तेथून निघतात ते विमान सज्ज करणारे, शस्त्रे चढवणारे, रडारवर बसणारे, संदेश पोहोचवणारे लोक.

प्रश्न : मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. हवाई दलातील फक्त एकाच वैमानिकाला परमवीरचक्र मिळाले आहे, असे वाचले. ते कोण आणि त्यांनी नेमके काय केले, हे मुलांना सांगण्यासाठी विश्वसनीय माहिती हवी आहे. इंटरनेटवर त्यांनी पाडलेल्या विमानांचे वेगवेगळे आकडे दिसतात.
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण आकड्यांत तफावत दिसल्यावर थांबून विचारणारे फार थोडे असतात. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग शेखों हे ते वैमानिक. ते लुधियाना जिल्ह्यातील इसेवालचे. त्यांचे वडील हवाई दलातच नोकरी करून मानद फ्लाइट लेफ्टनंट झालेले होते. सांबऱ्यात तयार होणाऱ्या एअरमनची जी वाट असते, तिच्या शेवटच्या टोकाला मिळणारा हा मान आहे, एवढे मी आमच्या बिरादरीच्या वतीने नमूद करतो.

काश्मीरमधील पूर्वीच्या युद्धबंदी करारामुळे श्रीनगरला शांततेच्या काळात लढाऊ विमाने ठेवली जात नसत. १९७१ च्या युद्धासाठी अठराव्या स्क्वाड्रनची नॅट ही छोटी लढाऊ विमाने तेथे आणली गेली. त्या खोऱ्यातली थंडी, विरळ हवा आणि चहूकडचे डोंगर यांची सवय नसलेले वैमानिक तेथे गस्त घालत होते. डोंगराआडून येणारे विमान दाखवील असे रडार हाताशी नव्हते. उंचावरच्या टेहळणी चौक्यांवरील माणसांनी पाहून कळवायचे, हीच पूर्वसूचना. १४ डिसेंबरच्या सकाळी पेशावरहून सहा सेबर आली. सूचना मिळेपर्यंत ती धावपट्टीवर पोहोचलीच होती. फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन यांचे नॅट पुढे आणि शेखोंचे मागे, अशा क्रमाने दोन विमाने निघाली, आणि शेखों धावपट्टीवर असतानाच बॉम्ब पडू लागले.

या क्षणी थांबायला पुरेसे कारण होते. फुटत असलेल्या धावपट्टीवर वेग घेणे म्हणजे पुढे खड्डा आहे की नाही हे न कळता धावणे, आणि जमिनीवरून नुकतेच सुटलेले विमान वेग व उंची या दोन्ही बाबतींत दुबळे असते. शेखों उडाले. धूर आणि धुरळ्यात त्यांची आणि घुम्मन यांची चुकामूक झाली ती कायमचीच, आणि पुढची झुंज त्यांनी एकट्याने दिली. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार त्यांनी एका सेबरवर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. त्यानंतर संख्याबळापुढे त्यांचे विमान पडले. त्यांनी शेवटच्या क्षणी बाहेर पडण्याचा प्रयत्न केला असावा, असे दिसते, पण तितकी उंची उरली नव्हती. विमानाचे अवशेष दरीत सापडले. पार्थिव सापडले नाही.

आता आकड्यांविषयी. भारताच्या मानपत्रात वरील दोन विमानांचा उल्लेख आहे, तर त्यांची विमाने परतली असे पाकिस्तानच्या बाजूने सांगितले जाते. प्रत्येक हवाई युद्धात दोन्ही पक्षांचे असे दावे असतात, कारण झुंजीत धूर सोडत खाली जाणारे विमान पडलेच की घरी पोहोचले, हे पाहत बसायला कोणालाही सवड नसते. वर्गात दोन्ही गोष्टी सांगाव्यात असे माझे मत आहे. शेखोंचे मोठेपण पाडलेल्या विमानांच्या संख्येवर उभेच नाही. समोर सहा विमाने आहेत हे ठाऊक असताना त्यांनी चाके उचलली, आणि पाकिस्तानी वैमानिकांच्या लेखनातही त्यांच्या उड्डाणकौशल्याचे कौतुक आढळते. आकडा फुगवून सांगितला, तर एखाद्या हुशार मुलाला पुढे खरा वाद कळेल आणि तो साऱ्याच गोष्टीवर अविश्वास दाखवील.

प्रश्न : लढाऊ वैमानिक म्हटले की पंजाबी किंवा अँग्लो-इंडियन नावेच ऐकू येतात. मराठी माणसे यात होती का? आपल्या बेळगावचे कोणी?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : होती, आणि अगदी सुरुवातीपासून होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीयांमध्ये मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर होते. सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन जून १९१८ मध्ये ते फ्रान्समधील आघाडीवर गस्तीला गेले आणि परतले नाहीत. एकोणीस वर्षांच्या इंद्रलाल रॉय यांचे नाव त्याच उन्हाळ्यात दहा विजयांमुळे गाजले. वेलिणकर मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणाला माहीत नाहीत. हृषीकेश मुळगावकर यांना १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत महावीरचक्र मिळाले आणि पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दल प्रमुख होते. वर छांबच्या संदर्भात आलेले फ्लाइट लेफ्टनंट जोशी, १९७१ मध्ये भूजचा तळ सांभाळणारे आणि माधापरच्या महिलांच्या मदतीने फुटलेली धावपट्टी पुन्हा उभी करणारे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, अशी नावे आणखी सांगता येतील.

पण दोन नावांजवळ थोडे थांबतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पडले आणि ते युद्धकैदी झाले. युद्ध संपले, महिने उलटले, तरी सुटका होईना. तेव्हा रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोठडीची भिंत आतून पोखरायला घेतली. १३ ऑगस्ट १९७२ रोजी पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे निसटले, पेशावरमार्गे खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले आणि अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर आली. तेथे त्यांनी लंडी खानाला जाण्यासाठी गाडी विचारली. त्या नावाचे रेल्वे स्थानक नकाशावर होते, पण ते कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेले होते आणि तेथले कोणीही आता तेथे जायला गाडी विचारत नसे. एवढ्यावरून संशय आला आणि ते पकडले गेले. जमावाच्या हाती जीव जाऊ नये म्हणून, आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, असे सांगत त्यांनी छावणीच्या एका माजी पाकिस्तानी प्रमुखाशी संपर्क करायला लावला आणि वेळ निभावून नेली. १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर कैद्यांबरोबर वाघ्याहून परतले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परतले नाहीत. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई पाकिस्तानात पडले. कैद झालेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव तेव्हाच्या एका वर्तमानपत्रात छापून आले होते. पाकिस्तानने मात्र असा कोणी कैदी आपल्याकडे नसल्याचे सांगितले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. पतीचा आणि इतर बेपत्ता सैनिकांचा छडा लागावा म्हणून त्यांनी सरकारदरबारी कित्येक दशके पाठपुरावा केला. वीर म्हणून मान मिळणे, मृत म्हणून नोंद होणे आणि बेपत्ता म्हणून कागदावर राहणे यांतले तिसरे घरच्यांसाठी सर्वांत जड असते. आणि आपल्याकडच्या समारंभांत या तिसऱ्या वर्गाचा उल्लेखही होत नाही, ही गोष्ट मला खटकते.

बेळगावचे म्हणाल, तर विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांचे नाव आपण विसरू नये. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरच्या तळावरून निघालेली सुखोई-३० आणि मिराज-२००० ही दोन विमाने मध्य प्रदेशात सरावादरम्यान कोसळली. सुखोईचे दोन्ही वैमानिक वाचले. मिराज चालवणारे सारथी वाचले नाहीत. युद्ध चालू नव्हते, म्हणून हे मरण वेगळ्या रांगेत लावण्याची पद्धत आहे. ज्या सरावात ते गेले, त्याच सरावाच्या बळावर १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या युद्धात, मिराज विमानांनी टायगर हिलवर अचूक बॉम्ब टाकले होते, हे लक्षात घेतले तर ती रांग वेगळी ठेवता येत नाही.

प्रश्न : कोडगूच्या एका वैमानिकाला मरणोत्तर महावीरचक्र तेवीस वर्षांनी मिळाले असे ऐकले. इतका उशीर का झाला?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या हे ते वैमानिक. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे आदमपूरहून पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ल्यासाठी निघाली. देवय्या राखीव वैमानिक होते, म्हणजे कोणाचे विमान बिघडले तरच जायचे. ते गेले आणि परतले नाहीत. कुठे आणि कसे पडले, हे पाहणारा आपल्या बाजूला कोणीच नव्हता. घडले होते ते असे, की पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने त्यांना गाठले. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, तर मिस्टेअर त्यापुढे अगदीच संथ. माघारी पळून सुटका नव्हती. जखमी विमान वळवून देवय्यांनी झुंज घेतली आणि ते स्टारफायटर पाडले. त्याचा वैमानिक छत्रीने उतरून वाचला, देवय्या गेले. ही हकिकत बाहेर आली ती पाकिस्तानच्या बाजूने माहिती घेऊन लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाकडून. मग त्यांच्या स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख तनेजा यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये देवय्यांच्या पत्नीकडे महावीरचक्र सुपूर्द झाले. उशिराचे कारण एवढेच, की साक्षीदार शत्रूपक्षात होता.

प्रश्न : मी बारावीला आहे, मराठी माध्यमातून शिकले आहे. मुलींना लढाऊ वैमानिक होता येते का?
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : होता येते. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी १८ जून २०१६ रोजी दुंडिगल येथे अधिकारी झाल्या आणि त्यांनी पुढचे हॉक या प्रशिक्षण विमानावरील शिक्षण आपल्याच बिदरच्या तळावर घेतले. आता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएतही, मुलींना प्रवेश आहे. तेथून हवाई दलात जाण्यासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवेच. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेचा मार्गही आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेचे पेपर, इंग्रजीचा भाग सोडल्यास, हिंदीतूनही असतात. मराठी माध्यमाची मुले अडतात ती लेखी परीक्षेत नव्हे, तर नंतरच्या निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीत, चार लोकांपुढे इंग्रजी बोलताना. तेव्हा गणिताच्या क्लासइतकाच वेळ मोठ्याने इंग्रजी वाचण्याला द्या, आणि डोळे आत्ताच तपासून घ्या, कारण दृष्टीचे निकष फार कडक आहेत.

प्रश्न : आमच्या भागावरून दिवसभर विमाने घिरट्या घालतात. हा त्रास कायमचाच का?
— एक वाचक, भालकी

उत्तर : होय. बिदरला लढाऊ वैमानिकांचे शिक्षण चालते आणि हवाई कसरती करणारे सूर्यकिरण पथकही तेथेच आहे. सोसावे लागेल.

प्रश्न : आमचे तरुण मंडळ गणेशोत्सवात १९७१ च्या हवाई युद्धाचा देखावा करणार आहे. राफेलची तयार प्रतिकृती भाड्याने मिळते आहे. ती चालेल का? देखाव्यात काय असावे?
— एक मंडळाचे कार्यकर्ते, बेळगाव

उत्तर : राफेल चालणार नाही. ते भारतात जुलै २०२० मध्ये आले. देखावा १९७१ चा असेल, तर नॅट करा. एक तर ते त्या युद्धात खरोखर लढले. आणि पूर्व पाकिस्तानच्या सरहद्दीजवळील बोयऱ्यावर २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध जाहीर होण्यापूर्वीच, चार नॅट विमानांनी सेबरचा पाठलाग करून त्यांना धूळ चारली, त्या वैमानिकांतले गणपती हे कोडगूचेच. दुसरे म्हणजे ही विमाने परवान्याखाली बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधली जात. तिसरे कारण तुमच्या सोयीचे : नॅट फार लहान विमान होते. पंखांचा पसारा साधारण बावीस फूट, त्यामुळे निम्म्या मापाची प्रतिकृती गल्लीतल्या मंडपातही बसेल. पंख मागे वळलेले दाखवा, हवा घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तोंडांशी तीस मिलिमीटरच्या दोन तोफा दाखवा आणि खूण काढताना बाहेर केशरी, मध्ये पांढरा व आत हिरवा हा वर्तुळांचा क्रम चुकवू नका. माहितीच्या फलकावर 'शूर वैमानिक' एवढेच न लिहिता नाव, हुद्दा, स्क्वाड्रन, तारीख आणि ठिकाण लिहा. बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात तेव्हाची विमाने प्रत्यक्ष पाहता येतात. एखाद्या कार्यकर्त्याला वही घेऊन तेथे पाठवा.

आणखी एक विनंती. अशा देखाव्यांत विमान आकाशात टांगलेले असते आणि खाली कापसाचे ढग असतात. त्याऐवजी विमान जमिनीवर उभे करा, उड्डाणाच्या आधीच्या दोन मिनिटांतले. वैमानिक आत बसलेला आहे, एक एअरमन शिडीवर उभा राहून त्याचे पट्टे आवळतो आहे, दुसऱ्याच्या बगलेत विमानाच्या देखभालीच्या नोंदींचे, म्हणजे फॉर्म सातशेचे, बाड आहे, ज्यावर प्रत्येक कारागिराची सही झाल्यानंतरच वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. तिसऱ्याच्या हातात लाल फिती लावलेल्या सुरक्षा पिना आहेत. बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या आणि शस्त्रांच्या या पिना काढल्यावर त्या वर धरून वैमानिकाला मोजून दाखवायच्या असतात, आणि त्याने मान हलवल्याशिवाय विमानापासून दूर व्हायचे नसते. फिती ठळक लाल कापडाच्या करा, म्हणजे मागच्या रांगेतूनही दिसतील. गणवेश तेव्हाचा हवा. तो कसा होता, याची रेखाटने मी मंडळाच्या पत्त्यावर पाठवीत आहे.